डिझेल गाडीचा थर्मोस्टॅट घरी बदलताना: कामाच्या नोंदी

गाडी: चार सिलिंडरचं टर्बो कॉमन-रेल डिझेल इंजिन, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेलं. थर्मोस्टॅट (कूलंट तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी, आतलं मेण वितळलं की उघडणारी झडप) सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, ॲल्युमिनियमच्या कव्हरात, एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी यांच्या खाली. कव्हर दोन एम६ बोल्टांवर. कूलंट एकूण ६ लिटर. मॅन्युअलप्रमाणे थर्मोस्टॅट ८८ अंशांना उघडायला लागतो. काम दोन-तीन तासांचं धरलं होतं. पार्ट मागवल्यापासून गाडी रस्त्यावर येईपर्यंत तीन आठवडे गेले. कुठे गेले ते खाली तारखेनिशी लिहिलं आहे.

४ जानेवारी, शनिवार. निदान

हायवेवर हीटरची हवा कोमट. ॲव्हरेज उतरलेलं. डीपीएफचं रीजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) वरचेवर सुरू होतं आणि पूर्ण न होताच थांबतं. इंजिनचा दिवा लागला होता. ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले कोड आणि आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून कोड वाचला तर पी०१२८, म्हणजे कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही.

हा कोड दिसला म्हणून लगेच पार्ट मागवायचा नसतो. कूलंट कमी असेल, तापमानाचा सेन्सर चुकीचं वाचत असेल किंवा रेडिएटरचा पंखा सतत फिरत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. तिन्ही तपासण्यांना मिळून अर्धा तास लागतो.

कूलंट: टाकीत किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये. ठीक.

सेन्सर: रात्रभर उभी असलेली गाडी सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करून डोंगलवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहिलं. १४ आणि १३ अंश. थंड इंजिनात हे दोन आकडे दोन-तीन अंशांच्या आत जुळले तर थंड टोकाला तरी सेन्सर खरं सांगतो आहे.

पंखा: इंजिन थंड असताना बंदच. ठीक.

मग मुख्य चाचणी. वरचा होज, म्हणजे थर्मोस्टॅटच्या कव्हरातून रेडिएटरकडे जाणारा, थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत थंड राहायला हवा. इथे गाडी सुरू करून चौथ्याच मिनिटाला तो हाताला कोमट लागला, तेव्हा डोंगलवर कूलंट जेमतेम ३८ अंश होतं. झडप बंद होत नाही हे तिथेच कळलं. हात लावताना बेल्ट आणि पंख्यापासून लांब राहावं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट इंजिनमध्ये परत येणाऱ्या खालच्या होजवर असतो. तिथे ही खूण खालच्या होजवर पाहावी लागते, वरचा होज लवकर गरम होणं तिथे दोष नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर थेट धरू नका, आकडा बराच कमी येतो. कव्हरावर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर नेम धरला, तेव्हा डोंगलशी दोन अंशांत जुळला. टेप नसताना तेच कव्हर २० अंशांनी थंड दिसत होतं.

गाडी चालवून घेतलेले आकडे: ताशी ८० किमीने २० मिनिटं, कूलंट ६६ ते ७१. सिग्नलला अडकल्यावर ८० पर्यंत चढलं, मोकळा रस्ता मिळताच पुन्हा ७० च्या खाली. वारा लागला की तापमान पडतं, थांबलं की चढतं, ही उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटची अगदी ठरलेली चाल. ही चाचणी गाडी उभी ठेवून होत नाही. डिझेल इंजिन आयडलवर इतकं कमी इंधन जाळतं, की चांगल्या थर्मोस्टॅटचं इंजिनसुद्धा थंडीत उभ्याउभ्या नीट तापत नाही.

डॅशबोर्डचा काटा मध्याच्या किंचित खाली होता, एवढंच. बऱ्याच गाड्यांत तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात काटा मुद्दाम मध्यावरच धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो निदानाला उपयोगी नाही. हीटरवरही पूर्ण भिस्त नको: काही डिझेल गाड्यांत हीटरच्या डब्यात विजेवर चालणारा जादा हीटर असतो, तो सुरुवातीला गरम हवा देऊन दोष झाकतो.

५ जानेवारी, रविवार. ऑइल पाहिलं, पार्ट मागवला

रीजनरेशन अर्धवट थांबत होतं म्हणून डिपस्टिक पाहिली. ऑइल कमाल खुणेच्या ५ मिमी वर, आणि त्याला डिझेलचा वास. रीजनरेशनच्या वेळी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. चक्र पुन्हा पुन्हा सुरू होऊन तुटलं की ते साचत जातं आणि ऑइल पातळ होतं. थंड चालणाऱ्या डिझेल इंजिनाचं खरं नुकसान इथे आहे, कोमट हीटर ही त्यापुढे किरकोळ गोष्ट. थर्मोस्टॅटच्या कामानंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचं ठरवलं. आधी बदललं असतं तर नवं ऑइलही तसंच बिघडलं असतं.

दोन्ही बोल्टांच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारला. होजवर उडू नये म्हणून मागे फडकं धरलं, कारण कूलंटचे होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते फुगतात.

थर्मोस्टॅट, दोन जादा रबर रिंगा, दोन नवे बोल्ट आणि कूलंट मागवलं.

११ जानेवारी, शनिवार. चुकीचा पार्ट

आलेला थर्मोस्टॅट व्यासाला बरोबर, रिंगही बरोबर, पण बुडावर ८२ कोरलेलं. याच गाडीच्या पेट्रोल इंजिनाचा निघाला. चूक मागवतानाची: गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं, इंजिन कोड सांगितला नाही. परत पाठवला. एक आठवडा गेला.

८२ चा बसवून टाकावा का, असा प्रश्न पडू शकतो, कारण तो चपखल बसतो. बसवू नये. सहा अंश कमी म्हणजे इंजिन सुरक्षित, ही समजूत डिझेलला लागू होत नाही. इंधनाचं प्रमाण, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणं), डीपीएफची साफसफाई, सगळं कूलंटच्या तापमानाकडे पाहून ठरतं. कायम थंड चालणारं इंजिन जादा इंधन घेतं आणि जास्त काजळी करतं.

थर्मोस्टॅट काढून टाकून नुसतं कव्हर बसवणं त्याहून वाईट. या इंजिनातल्या थर्मोस्टॅटला मागे दुसरी छोटी चकती आहे. मुख्य झडप उघडते तशी ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला तर बायपास कायम उघडा, म्हणजे काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून फिरत राहणार. थंडीत गाडी तापत नाही आणि घाटात भार पडला की जास्त तापते, अशी दुहेरी अडचण त्यातून येते.

१७ जानेवारी, शुक्रवार. नवा थर्मोस्टॅट पाण्यात

योग्य पार्ट आला, ८८ कोरलेला. बसवण्याआधी पाण्यात तपासला. नवा पार्टही सदोष निघू शकतो, आणि इथे तो बदलायचा म्हणजे सगळं कूलंट पुन्हा काढणं आलं.

पद्धत: झडपेच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवायचा. बुडाला किंवा बाजूला टेकू द्यायचा नाही, बूड पाण्यापेक्षा जास्त तापतं. थर्मामीटरचं टोक मेणाच्या नळकांड्याजवळ. पाणी सावकाश तापवायचं, शेवटचे दहा अंश तर अगदी मंद आचेवर, कारण मेणाला तापायला वेळ लागतो आणि आच मोठी असेल तर आकडा खोटा वर दिसतो. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. पहिल्यांदा ८७ ला पडला, दुसऱ्यांदा ८८ ला. उकळत्या पाण्यात झडप ७ मिमी उचललेली दिसली. मॅन्युअल ८ मिमी सांगतं, पण ते १०३ अंशांना, आणि उघड्या पातेल्यात साधं पाणी तिथवर जात नाही. त्यामुळे ७ ला पास धरला. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटांत झडप पूर्ण बंद झाली, उजेडासमोर धरली तर फट नाही. बंद होणं पाहायला विसरू नका, जुन्याचा दोष तोच होता.

१८ जानेवारी, शनिवार. काढणी, आणि तुटलेला बोल्ट

गाडी रात्रभर थंड. टाकीचं झाकण उघडलं तेही थंड असतानाच. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली १०० अंशांच्या वर असू शकतं. झाकण सुटताच दाब जातो आणि ते उसळून अंगावर येतं.

बॅटरी आधी सोडली. जागा मोकळी करायला ती काढावीच लागते, आणि पंखाही कधी इग्निशन बंद असताना फिरायला लागतो. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही.

रेडिएटरला निचऱ्याची तोटी नाही, त्यामुळे खालचा होज काढूनच कूलंट सोडावं लागतं. स्प्रिंग क्लिप पकडीने दाबून मागे सरकवली. होज प्लॅस्टिकच्या तोंडाला चिकटून बसला होता. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. त्याने तोंडाला चीर जाते आणि रेडिएटरच बदलावा लागतो. होज दोन्ही हातांनी धरून आधी गोल फिरवावा, फिरायला लागला की ओढावा. असा सुटला, पण एकदम सुटला. साधारण २०० मिली कूलंट टबाच्या बाहेर गेलं आणि थोडं गिअरबॉक्सजवळच्या एका कनेक्टरवर उडालं. कनेक्टर सोडून साध्या पाण्याने पुसला, वाळवला, मग त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. पिशवी आधीच बांधायला हवी होती. टबात ४.३ लिटर जमलं. हा आकडा लिहून ठेवणं फार महत्त्वाचं, हवा राहिली की नाही ते पुढे त्यावरूनच कळतं.

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरी ते चाटतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुतलं, टब झाकून ठेवला.

वरचा होज काढला. कव्हराचा पहिला बोल्ट सहज सुटला. दुसरा हलेना. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं राहिला की पांढरी पूड धरून जाम होतो. इथे घाई नडली: रॅचेटऐवजी लांब दांडा लावून सलग जोर दिला. दांड्याने हाताला अंदाजच येत नाही. आधी थोडं मऊ लागलं, बोल्ट सुटतोय असं वाटलं, आणि डोकं तुटून सॉकेटमध्ये आलं. एम६ बोल्ट जाम असेल तर छोट्या रॅचेटनेच, थोडा सोडायचा आणि थोडा आवळायचा, असं मागेपुढे करत काढायचा असतो. हाताला "मऊ" लागला की लगेच थांबायचं, कारण तेव्हा बोल्ट फिरत नसतो, पिळला जात असतो.

सुदैवाने डोकं अगदी वरून तुटलं, दांडी कव्हराच्या भोकात शाबूत होती. कव्हर लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही बाजूंनी हलके ठोकत वर काढलं. त्याला पाऊण तास लागला. हेडमधून दांडीचा १८ मिमी तुकडा वर राहिला, पकडायला पुरेसा. त्याच्या बुडाशी पुन्हा स्प्रे मारला आणि काम थांबवलं. ड्रिलिंगच्या वाटेला गेलो नाही, आणि दांडी बाहेर असेपर्यंत कुणीही जाऊ नये. हेडमध्ये तिरपं भोक पडलं तर नुकसान थर्मोस्टॅटच्या कितीतरी पट.

जुना थर्मोस्टॅट निघाला तेव्हा खोलीच्या तापमानाला जवळपास ३ मिमी उघडा होता. झडप आणि बैठक यांच्यामध्ये सिलिकॉन सीलंटची पट्टी अडकलेली. पूर्वी कुणीतरी रिंग असतानाही वरून सीलंट लावलं होतं. आतल्या बाजूला आलेला जादाचा भाग सुटून झडपेत जाऊन बसला. पट्टी काढून जुना थर्मोस्टॅट पाण्यात तपासला तर ७४ ला उघडायला लागला, म्हणजे तो तसाही बाद. पण सीलंट कुठे जातं ते डोळ्यांनी दिसलं. रिंग असलेल्या जोडाला सीलंट लावायचं नाही.

१९ जानेवारी, रविवार. बोल्ट, सफाई, बसवणी

दांडीभोवतीचं हेड हॉट एअर गनने पाच मिनिटं तापवलं. ज्वाला वापरली नाही. जवळून डिझेलच्या परतीची रबरी नळी जाते. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे भोक किंचित सैल होतं. लॉकिंग पक्कड घट्ट लावून अष्टमांश फेरा पुढे, अष्टमांश मागे. पहिल्या दोन वेळा काही नाही. तिसऱ्यांदा तापवल्यावर कुरकुर आवाज करत हलला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. आट्यांमधून एम६, १.० पिचचा टॅप (आटे साफ करायचं हत्यार) हाताने फिरवला, दर अर्ध्या फेऱ्याला मागे घेत. टॅपवर ग्रीस लावलं की चुरा त्यालाच चिकटून बाहेर येतो.

हेडच्या तोंडात फडकं कोंबलं आणि बैठक साफ केली. इथे एक तास गेला आणि तो घालवावाच. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश वापरला नाही, तो मऊ ॲल्युमिनियममध्ये चर पाडतो आणि चरांतून कूलंट पाझरतं. कव्हराचा तळ काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, पाण्याने, आठाच्या आकड्यात घासला. स्टीलची पट्टी आडवी धरून मागून टॉर्च लावला. बाहेरच्या कडेला गंजाचे दोन खड्डे राहिले, पण रिंग बसते त्या वर्तुळाच्या बाहेर आहेत, म्हणून सोडून दिले. वर्तुळाच्या आत असते तर कव्हर बदलावं लागलं असतं.

थर्मोस्टॅट बसवताना मेणाचं नळकांडं आणि स्प्रिंग इंजिनच्या बाजूला. कव्हर आडव्या दिशेने बसतं, त्यामुळे आवळेपर्यंत थर्मोस्टॅट खाचेतून खाली घसरतो. पहिल्या खेपेला तेच झालं. बोल्ट हाताने टेकवल्यावरही एका बाजूला २ मिमी फट दिसली म्हणून कळलं. तसंच पाना लावून आवळलं असतं तर कव्हराचा कान तुटला असता. बोल्टने ओढून फट बुजवायची नाही. कव्हर हातानेच पूर्ण टेकलं पाहिजे. दुसऱ्या खेपेला रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावून ती खाचेत चिकटवली. साधं ग्रीस नको, कारण वर होजबाबत दिलं तेच.

नवे बोल्ट, आट्यांना अगदी थोडं अँटी-सीझ. मॅन्युअल ९ न्यूटन-मीटर सांगतं, ते कोरड्या बोल्टाचं. वंगण लावल्यावर त्याच टॉर्कला बोल्टावर जास्त ताण येतो, म्हणून ७.५ वर थांबलो. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, दोन टप्प्यांत.

कूलंट: गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मानकाचं, कॉन्सन्ट्रेट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. रंगावर जाऊन निवडू नका; एकाच रंगात वेगवेगळ्या रसायनांची कूलंट मिळतात. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

हीटरच्या होजवर, सर्वांत उंच जागी, हवा काढण्याचा स्क्रू आहे. तो दोन फेरे सैल करून सावकाश ओतलं. ३.५ लिटरला टाकी भरली आणि स्क्रूमधून अखंड धार आली. निघालं होतं सांडलेलं धरून ४.५ लिटर. म्हणजे एक लिटर हवा आत आहे, स्क्रूतून धार येवो अथवा न येवो.

संध्याकाळी गाडी उभ्यानेच सुरू केली, हीटर कमाल गरमवर, पंखा मंद, रेस १५०० ते २००० आरपीएम. वरचा-खालचा होज हाताने दाबत राहिलो, टाकीत बुडबुडे येत होते. पण तापमानाची चाल विचित्र होती: ९० पार करून ९६, ९९, १०३, वरचा होज अजून थंड, मग एकदम ८४ ला पडलं. पुन्हा चढलं, पुन्हा तेच. १०५ च्या वर गेलं तर बंद करायचं ठरवलं होतं. तिसऱ्यांदा १०४ दिसलं तेव्हाच बंद केली.

कारण लगेच सापडलं नाही, सापडलं ते काढतानाच्या फोटोत. या थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलती पिन आहे. भरताना झडपेमागची हवा त्या भोकातून वर जाते. जुन्याची पिन वर, घड्याळात १२ वाजतात तिथे होती. नवा थर्मोस्टॅट दुसऱ्या खेपेला खाचेत बसवताना फिरला आणि पिन ४ च्या जागी गेली. त्यामुळे झडपेमागे हवेचा फुगा अडकला. मेणाभोवती गरम कूलंट असेल तरच त्याला उष्णता नीट मिळते. हवेत ते उशिरा वितळतं, झडप उशिरा उघडते आणि मग रेडिएटरमधलं थंड कूलंट एकदम आत येतं. डोंगलवरचा १०३ ते ८४ चा झोका तो होता.

सकाळी थंड झाल्यावर टाकीची पातळी उतरली होती, ४०० मिली आणखी गेलं. तरी अर्ध्या लिटरहून जास्त हवा शिल्लक. रेस देत बसून ती निघाली नसती, कव्हर पुन्हा उघडणं भाग होतं. गाडी आठवडाभर उभी ठेवली.

२५ जानेवारी, शनिवार. पुन्हा उघडलं

या वेळी पूर्ण निचरा केला नाही. पातळी कव्हराच्या खाली जाईल एवढंच, १.७ लिटर, धुतलेल्या टबात काढलं. कूलंट आठवड्याचंच जुनं होतं, ते गाळून परत वापरलं. जाम बोल्ट आधीच निस्तरलेला असल्याने उघडणं ते बंद करणं ५० मिनिटांत झालं. थर्मोस्टॅटच्या कडेवर पिनेच्या समोर मार्करने रेघ मारली आणि हेडवरही वरच्या बाजूला रेघ. कव्हर टेकवण्याआधी दोन्ही जुळल्या की नाही ते छोट्या आरशात पाहिलं. दुसरी नवी रिंग वापरली. पहिली एकदा दाबली गेली होती. दोन मागवल्याचा उपयोग झाला.

भरताना या वेळी पुढची चाकं उताराच्या वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे टाकी आणि भरायचं तोंड सर्वांत उंच. १.९ लिटर गेलं. सुरू केल्यावर ८९ ला वरचा होज कोमट व्हायला लागला आणि तापमान तिथेच ठरलं, ९१ च्या वर नाही. हीटर दोन्ही बाजूंनी सारखा गरम. थंड झाल्यावर २५० मिली, दुसऱ्यांदा तापवून थंड केल्यावर १०० मिली. एकूण ४.४५ लिटर आत. काढलेल्या ४.५ शी हिशोब जुळला. ज्या गाड्यांत ईजीआर कूलर आहे तिथे त्याच्यातही हवा अडकते, म्हणून तापवणं-थंड करणं किमान दोनदा करावंच.

२६ जानेवारी, रविवार. रस्त्यावर

ताशी ८० ने अर्धा तास: ८८ ते ९१. बाहेर १५ अंश. थंड इंजिनापासून ८५ गाठायला ९ किमी लागले. चढावर ९३, उतारावर ८६.

परत आल्यावर खाली टिश्यू पेपर पसरला. कव्हराखाली कोरडा, पण खालच्या होजखाली गुलाबी ठिपका. स्प्रिंग क्लिप जुन्या वळाच्या बाहेर, तोंडाच्या उंचवट्यावर बसली होती. क्लिप होजवरच्या जुन्या खुणेत परत नेली. गळती थंड असताना दिसत नाही आणि गरम असताना थेंब लगेच वाळतो, म्हणून टिश्यू गाडी थांबवल्यावर लगेच ठेवायचा आणि अर्ध्या तासाने पाहायचा.

कोड पुसला. ऑइल आणि फिल्टर बदलला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन आठवडे, ६४० किमी. टाकीची पातळी पहिल्या तीन दिवसांत ३ मिमी उतरली, नंतर हलली नाही. पी०१२८ परत आला नाही. रीजनरेशन पूर्वी १२०-१५० किमीला सुरू होत होतं. आता या ६४० किमीत दोनदा झालं आणि दोन्ही वेळा पूर्ण. डिपस्टिकवर ऑइल जिथे भरलं तिथेच. ॲव्हरेज १७.१ वरून १८.२ किमी प्रति लिटर, पण टाकी एकदाच पूर्ण भरून मोजलंय आणि थंडीही कमी झाली आहे, त्यामुळे तो सगळा फरक थर्मोस्टॅटच्या नावावर लिहीत नाही.

वाया गेलेलं: एक रिंग, सांडलेलं २०० मिली कूलंट, चुकीच्या पार्टचा आठवडा, पिनेमुळे दुसरा आठवडा. हातातलं काम मोजलं तर साडेदहा तास. त्यातले अडीच तास बोल्टचे, तीन तास हवा आणि पुन्हा उघडण्याचे.

खालचा होज तोंडाजवळ दाबला की बारीक भेगा दिसतात. गळत नाही, पण पुढच्या वेळी कूलंट काढेन तेव्हा तो बदलायचा आहे. जुनं ४.३ लिटर कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये चिठ्ठी लावून ठेवलं आहे. ते गटारात किंवा मातीत ओतायचं नाही, वापरलेलं ऑइल आणि कूलंट घेणाऱ्याकडे द्यायचं आहे.